पाट रिकामा आहे का ते बघा

निरोप घेणं ही गोष्ट शास्त्रशुद्ध रीतीनं करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते म्हणजे माझे साडू. बाकीची माणसं निघतात म्हणजे चपला घालतात, 'येतो' म्हणतात आणि जातात. साडू खुर्चीतून उठले की निघण्याची फक्त तयारी सुरू होई. मग खुर्ची मूळ जागी सरकवणं, कपबशी स्वतः मोरीपर्यंत नेणं, खोलीत आम्ही बसलेले असलो तरी पंखा बंद करणं, चष्मा, रुमाल आणि स्कूटरची किल्ली खिशावरून हात फिरवून मोजणं, आणि शेवटी ज्या खुर्चीवर बसलो होतो ती खुर्ची खरंच रिकामी झाली का हे वळून बघणं. एवढं झाल्यावर 'अच्छा, येतो मग' असं म्हणून ते दारात जात आणि तिथे उभे राहून एखादा नवा विषय काढत. आमच्या जबलपूरच्या नेपियर टाउनातल्या घराखाली कोचिंग क्लास आहे. साडू दारात उभे राहिले की खालच्या पोरांचा एक तास संपून दुसरा सुरू होई आणि साडू पहिल्याच पायरीवर असत. माझी बायको आतून म्हणायची, "भाऊजी, आत येऊन बसा, म्हणजे लवकर निघाल."

'जातो' हा शब्द त्यांना चालत नसे. आपल्याकडे कुणालाच चालत नाही म्हणा, पण ते तो नियम मराठी न येणाऱ्यांनाही लावत. एकदा आमच्याकडे वीज दुरुस्त करायला आलेला माणूस काम आटोपून "चलता हूँ" म्हणाला. साडूंनी त्याला जिन्यातून परत बोलावलं. "भैया, 'आता हूँ' बोलो." तो बिचारा गोंधळला. "कब आना है? काम तो हो गया." साडूंनी त्याला बराच वेळ समजावलं, आणि त्यानंही शेवटी सुटका म्हणून 'आता हूँ' म्हटलं. संध्याकाळी तेच बटण पुन्हा बंद पडलं आणि त्याला खरोखरच यावं लागलं. आपण सांगितलं होतं तसंच झालं, असा साडूंचा चेहरा होता.

ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. घर घमापुरात, गल्ली अशी की त्यांची स्कूटर आत शिरली की समोरून येणाऱ्याने कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. नोकरी संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात, तपासणी विभागात. कारखान्यात काय तयार होतं हे त्यांनी आम्हाला कधीही सांगितलं नाही. आम्हाला इतकंच माहीत होतं की ते जड असतं. तयार झालेल्या वस्तूवर नजर फिरवून शिक्का मारायचा किंवा नाकारायचा, हे त्यांनी नोकरीभर केलं आणि निवृत्तीनंतर शिक्का काढून घेतला तरी नजर घरी आणली. कमानिया गेटजवळून खोव्याची जलेबी आणली की पुड्यातली प्रत्येक जलेबी उलटून खालची बाजू बघत. "वरून तर सगळेच चांगले असतात," हे त्यांचं त्यावरचं भाष्य. भाजीवाल्यापासून ते आमच्या होणाऱ्या जावयापर्यंत सर्वांना या वाक्यातून जावं लागलं. जावयाला त्यांनी उलटून पाहिलं नाही, एवढाच काय तो सवलतीचा भाग.

भाद्रपदातली पौर्णिमा आली की माझी बायको आमच्या गच्चीवर भुलाबाई बसवायची. जबलपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतल्या मुलींना ती गोळा करी. त्यांतल्या निम्म्यांना गाण्यांचा अर्थ कळत नसे आणि उरलेल्यांना चाल. गाणी म्हणणारी खरी एकटी तीच. गाणी झाली की झाकलेला डबा कानाशी खुळखुळवून आत कोणती खिरापत आहे ते ओळखायचं, अशी रीत आहे. मुली ओरडून नावं घेत. माझी बायको मुद्दाम डबा साडूंपुढे नेई आणि वाजवून विचारी, "सांगा भाऊजी." साडू मान हलवत. "उघडल्याशिवाय मी सांगत नसतो."

"अहो, मग ओळखणं कसलं?"

"तेच म्हणून राहिलो. झाकण काढ, बघतो, सांगतो."

मुली हसून लोळत. साडू हसत नसत. झाकणाखाली काय आहे हे न बघता बोलणं त्यांच्या दृष्टीनं नोकरी जाण्यासारखं काम होतं.

असा माणूस संगणकाच्या वाटेला गेला आणि लिनक्स नावाच्या प्रणालीच्या हाती लागला, यात नवल काही नाही. निवृत्तीनंतर त्यांच्या मुलानं त्यांना संगणक घेऊन दिला होता. एक दिवस साडू निवृत्तिवेतनाबद्दल लांबलचक अर्ज लिहीत असताना त्या यंत्रानं स्वतःच स्वतःची दुरुस्ती करायची ठरवून सगळं बंद केलं. साडूंनी शांतपणे वायर काढली आणि जाहीर केलं की, माझ्या घरात मला न विचारता निर्णय घेणारं आणखी एक यंत्र नको, त्यासाठी ताई आहेत. ताई म्हणजे त्यांची पत्नी; आम्ही सगळेच त्यांना ताई म्हणतो. मग जुन्या सामानातून गोळा करून त्यांनी स्वतःचा संगणक जोडला आणि त्यावर लिनक्स घातलं. लिनक्स काही स्वतःहून करत नाही, हे त्यांना फार आवडलं. साधी बाहेरची डिस्क लावली तरी ते हातावर हात ठेवून बसतं. तुम्ही सांगाल तिथे आणि सांगाल तेव्हाच ती बसवतं. आता ते स्वतःहूनही बसवू शकतं असं मला पुढे कुणीतरी सांगितलं, पण साडूंनी ती सोय पहिल्याच दिवशी बंद केलेली होती.

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. पुस्तक कपाटात आहे म्हणजे आहे, अशी माझी समजूत. डिस्क जोडलेली आहे तरी 'नाही' कशी, हे मला कळेना. तेव्हा आमच्या बैठकीत साडूंनी मला जे समजावलं ते मला अजून पाठ आहे.

"साडूभाऊ, पाहुणा स्टेशनावर उतरला म्हणजे घरी आला काय?"

"नाही."

"मग? त्याले घरी आणा लागते. पाट मांडा लागते. पाटावर बसला की मग तो आपला पाहुणा. डिस्कची तार लावली म्हणजे ती स्टेशनावर उतरली, बस. हा फोल्डर म्हणजे पाट. त्याच्यावर बसवली की झाली माउंट. आता तिच्या सामानाले हात लावा."

"एवढंच ना?"

"एवढंच कसं? पाट मांडला की आधी पाट रिकामा आहे का ते बघा. कोणी बसलं असन तर पाहुण्याले त्याच्या मांडीवर बसवता काय?"

स्वयंपाकघरातून माझी बायको म्हणाली, "भाऊजी, पाहुणा जेवून जाणार आहे का? कणीक वाढवायला."

"तू हसून राहिली शालू, पण उठवायचं तर याच्याहून कठीण आहे." आणि त्यांनी डिस्क 'उठवण्या'ची रीतही सांगितली. चालू डिस्कची तार उपटायची नाही. आधी तिला अनमाउंट करायचं. तिच्यातली एखादी खिडकी उघडी असेल, कुणी तिच्या आत काम करत असेल, तर यंत्र नकार देतं. जागा रिकामी नाही म्हणतं. कोण बसलं आहे हे विचारणारीही एक आज्ञा आहे, ती नाव सांगते. त्याला विनंती करून उठवायचं, मग पाहुण्याला निरोप द्यायचा. जबरदस्तीनं उठवायची आज्ञाही असते, पण ती साडूंनी मला शिकवली नाही. "पाहुण्याले हात धरून काढतात काय?" म्हणाले. पुढे घरी ताई फोनवर बोलत असल्या की साडू आम्हाला खुणेनं सांगत, "जागा रिकामी नाही."

आमच्याकडचा संगणक त्यांनीच जोडून दिला. त्याचं कारण माझ्या बायकोचं आजारपण. निदान झालं त्या वर्षी तिनं ठरवलं की आपल्याला येतात तेवढी भुलाबाईची गाणी स्वतःच्या आवाजात संगणकात भरून ठेवायची. आमची मुलगी बंगळूरला असते. तिला मराठी समजतं, पण बोलताना हिंदी मदतीला येतं, आणि तिच्या मुलीला, चिनूला, तर दोन्ही भाषा पाहुण्यासारख्या. साडूंनी संगणकाशेजारी एक बाहेरची मोठी डिस्क ठेवली आणि तिच्यासाठी 'कोठी' नावाचा फोल्डर केला, आणि संगणक सुरू होताना तिला त्यावर बसवायची सूचना यंत्राला लिहून दिली. नाव मराठीत, कारण शालूनं आपलं सामान इंग्रजीत काहून शोधावं. त्या कोठीत आमचे जुने फोटो भरले. पहिल्याच आठवड्यात यंत्रानं तिला कोठीत काही ठेवायची परवानगी नाकारली. साडू स्कूटरवरून आले आणि रागावले. तिच्यावर नव्हे, यंत्रावर. बाईला तिच्याच कोठीत मज्जाव करतं म्हणजे काय? त्यांनी पाट आणि पाहुणा दोन्ही तिच्या नावावर करून दिले. पुढे एकदा डिस्क सापडली नाही म्हणून संगणक सुरू होतानाच काळ्या पडद्यावर अडून बसला, आणि ती घाबरली. तेव्हा साडूंनी सुरुवातीच्या सूचनांत एक शब्द घालून यंत्राला बजावलं की पाहुणा आला नाही तरी घराचं दार बंद ठेवायचं नाही, बाकीचं काम चालू द्यायचं. दोन्ही गोष्टी त्यांनी तिला त्रास होऊ नये म्हणून केल्या. एरवी ते यंत्राचा नियम माणसासाठी वाकवणाऱ्यांतले नव्हते.

त्या थंडीत ती बरीचशी घरातच असे. हातात लोकर असे. माझ्यासाठी टोपी झाली, ताईंसाठी गुडघ्याची पट्टी झाली, आणि उरलेल्या लोकरीतून तिनं त्या डिस्कला एक जांभळी गवसणी विणली. तिला थंडी वाजत असेल, म्हणाली. दुपारी खालचा क्लास सुटला आणि शांत झालं की ती संगणकासमोर बसून गाणी म्हणे. आपला आवाज परत ऐकायची नाही. आपणच काय ऐकायचा, म्हणे. एकदा मला सहज म्हणाली, "भाऊजींनी कोठी अगदी रिकामी करून दिली हं. फोटो दुसरीकडे ठेवलेत वाटतं." मला वाटलं, ठेवले असतील. साडू त्या दिवसांत येत नव्हते. ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. एकदाच जलेबी द्यायला आले ते दारातूनच, म्हणजे त्यांच्या अर्थानं दारातून.

मग एक सकाळ अशी आली की तिला दवाखान्यात न्यायचं होतं. साडू ऑटो घेऊन आले. मी कागद गोळा करत होतो आणि ती खुर्चीत शाल घेऊन बसली होती. साडूंची नजर सवयीनं डिस्ककडे गेली. "हिचा दिवा काहून बंद आहे?" त्यांनी गवसणी वर केली. लोकरीच्या घट्ट विणीनं तार सैल होऊन बाहेर आली होती. त्यांनी ती बसवली, उभ्या उभ्याच दोन शब्द टंकले, दिवा लागला. "झालं," म्हणाले, आणि तिच्या कोपराला हात दिला. खाली ऑटोवाला भोंगा वाजवत होता. त्या दिवशी आम्ही सगळेच फार लवकर निघालो. साडूंना इतक्या झटपट दाराबाहेर पडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

ती उन्हाळा लागायच्या आधी गेली. त्याबद्दल मी इथे लिहीत नाही.

श्रावण संपत आला तेव्हा मुलीचा फोन आला. "बाबा, आईने रेकॉर्ड केले होते ना, ते भुलाबाईचे गाणे? मला सगळे समजतात, पण म्हणता नाही येत. चिनू को इस बार सिखाने हैं. पाठवून द्या ना." मी संगणक उघडला. कोठीत फोटो होते. मुलीच्या बारशाचे होते, आमच्या लग्नाचे होते, गच्चीवरच्या भुलाबाईचेही होते. गाणी नव्हती. एकही नव्हतं. मी सगळे फोल्डर एकेक करून बघितले. पुस्तक कपाटात नसलं की ग्रंथपाल जसा प्रथम आपल्याच डोळ्यांवर संशय घेतो, तसा मी पुन्हा पुन्हा बघितलं. मग साडूंना फोन केला.

ते आले, बसले आणि पाण्याचा पेला बाजूला सारला. "गाणे मिळेपर्यंत तुमच्या घरचा चहा बंद," म्हणाले. हे काही साधं नव्हतं. साडू चहा नाकारतात हे ऐकून ताईंनी मला फोन करून त्यांची तब्येत विचारली.

त्यानंतर ते रोज येत. आमचा संगणक खिशातल्या पेनड्राइव्हवरून सुरू करत, म्हणजे संगणकातलं आमचं लिनक्स झोपलेलंच राहावं आणि घरातलं कुणी मध्ये लुडबुडू नये, आणि मग त्या एकट्या डिस्कची तपासणी चाले. पाहुणा स्टेशनावर उतरला आहे का, ते बघितलं, उतरला होता. त्याची प्रकृती बघितली; ठणठणीत होती. त्याच्या सामानाच्या नोंदी तपासल्या. एकही चूक नव्हती. मग पुसून टाकलेल्या वस्तू परत काढणारं एक साधन त्यांनी लावलं. त्यानं पूर्वजन्मीचं सगळं वर आणलं. ती डिस्क साडूंनी जुनी घेतली होती. तिच्यातून कुणा अनोळखी लग्नाच्या वरातीचे फोटो निघाले, कुठल्याशा शाळेचं वेळापत्रक निघालं, आणि एका बाळाचं रडणं निघालं. ते रडणं साडूंनी पूर्ण ऐकलं, न जाणो मागे एखादं गाणं असेल म्हणून. शालूचा आवाज कुठे नव्हता.

"पुसले गेलेच नाहीत इथून," ते म्हणाले. "पुसले असते तर निशाणी राहिली असती. हे असं आहे की इथं कधी ठेवलेच नाहीत."

"ती रोज म्हणायची. मी ऐकलं आहे."

"मी कुठे नाही म्हणून राहिलो? मीपण ऐकलं आहे ना, दारातून."

पौर्णिमा जवळ येत होती. मुलगी रोज विचारी आणि मी रोज 'बघतो आहे' म्हणे. साडू बारीक दिसू लागले होते. येताना पूर्वी जिन्यातून आवाज देत, तोही बंद झाला. तपासणी विभागात त्यांनी स्वतः शिक्का मारून सोडलेला माल आता कुणीतरी त्यांच्याकडे परत पाठवला आहे, असा काहीसा त्यांचा चेहरा असे.

शेवटी एका रविवारी सकाळी त्यांनी सांगितलं की डिस्क घमापुरात नेतो; तिथल्या मोठ्या संगणकावर सावकाश खरवडून काढतो. मी तेव्हा आमच्या संगणकावर, आमच्याच लिनक्समध्ये, उगाच फोटो बघत बसलो होतो. दुसरा कुणीही गवसणीसकट डिस्क उपटून पिशवीत टाकून गेला असता. साडूंनी खुर्ची ओढली. "रीतसर उठवू तिले." त्यांनी अनमाउंटची आज्ञा दिली. यंत्रानं नकार दिला. जागा रिकामी नाही. "कोण बसलं आहे?" त्यांनी यंत्राला विचारलं, आणि यंत्रानं माझं नाव सांगितलं. मी फोटोंची खिडकी बंद केली. "अच्छा, आता," म्हणून त्यांनी पुन्हा आज्ञा दिली. डिस्क उठली. त्यांनी तार काढली, गवसणी नीट केली, डिस्क पिशवीत ठेवली, चष्मा, रुमाल आणि किल्ली चाचपली, आणि खुर्ची सरकवण्याआधी, आयुष्यभर प्रत्येक उठलेल्या खुर्चीकडे वळून बघत आले तसं, त्या रिकाम्या पाटाकडे वळून बघितलं. म्हणजे कोठी उघडली. ती रिकामी असायला हवी होती.

तिथे गाणी होती.

एकाखाली एक, तिनं दिलेल्या नावांनी, ओळीनं. साडूंनी त्या नावांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी चष्मा काढला.

"मांडीवर बसवला मी," ते म्हणाले.

मला समजायला थोडा वेळ लागला. गवसणीनं तार निघाली, डिस्क जागेवर नव्हती, आणि साडूंनीच बजावल्यामुळे यंत्रानं कुरकुर केली नाही. शालूला कोठी रिकामी दिसली. तिनं आपली गाणी त्या रिकाम्या पाटावरच, म्हणजे संगणकाच्या स्वतःच्या पोटात, ठेवली, परवानगीही साडूंनीच देऊन ठेवलेली. आणि त्या दवाखान्याच्या सकाळी, पाट न बघता, साडूंनी त्यावर डिस्क आणून बसवली. लिनक्स अशा वेळी अडवत नाही. खालचं खालीच राहतं, सुखरूप राहतं, फक्त वरचा उठेपर्यंत कुणाला दिसत नाही. साडू इतके दिवस पाहुण्याचं सामान तपासत होते, आणि गाणी पाटावर होती.

"आयुष्यात एकच बार झाकण नाही काढलं," ते म्हणाले. "एकच बार."

"घाई होती," मी म्हटलं.

"घाई होती," त्यांनी मान्य केलं. मग चष्मा परत लावत, "चहा टाका, साडूभाऊ."

मी चहा टाकला आणि आम्ही पहिलं गाणं लावलं. तिचा आवाज थोडा बसलेला होता, पण सूर पक्का होता. तिसऱ्या की चौथ्या गाण्यात मागून माणसाचं बोलणं ऐकू येऊ लागलं. 'अच्छा, येतो मग,' असं म्हणून तो माणूस ताईंचा गुडघा, जलेबीचा भाव आणि खालच्या क्लासची पोरं यांवर बोलत राहिला. ती गात राहिली. शेवटी गाणं थांबवून ती म्हणाली, "भाऊजी, एक तर या, नाही तर जा," आणि लगेच, स्वतःलाच सुधारल्यासारखं, "नाही तर येतो म्हणा." मग तीच हसली. साडूंनी तेवढा भाग पुन्हा लावला. मुलीला गाणी पाठवताना तो कापून टाकू का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "राहू द्या. चिनूले समजू द्या गाणं कोणकोणत्या हालतीत म्हणा लागते."

बंगळूरला त्या वर्षी भुलाबाई बसली. मुलीनं फोन समोर धरून मला ऐकवली. नात गाण्याच्या मधोमध थांबून 'भाऊजी, एक तर या' असंही म्हणत होती. तिला तो गाण्याचाच भाग वाटला होता. साडूंना मी हे सांगितलं तेव्हा ते फार खूश झाले आणि निघताना नेहमीपेक्षा उशिरा निघाले.

त्यानंतर त्यांनी एक नवीन सवय लावून घेतली. गाण्यांची एक प्रत घमापुरातल्या आपल्या डिस्कवर ठेवली आणि दर रविवारी ती जागेवर आहे ना, धड वाजते ना, हे तपासू लागले. दुपारी मला फोन येई. "सगळे हजर आहेत." एवढंच म्हणत, पण त्यानंतर फोन ठेवायला त्यांना बराच वेळ लागे.

मागच्या थंडीत साडू गेले. जेवून पडले आणि उठले नाहीत. निरोप घेण्याच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस 'येतो' न म्हणता निघाला, हे घरच्यांना आजाराहून जास्त लागलं असावं. आजार नव्हताच म्हणा. दिवसकार्य झाल्यावर ताईंनी मला बोलावलं. "त्यांचा तो संगणक चालूच आहे," म्हणाल्या. "पंखा घरघर करून राहिला. बंद कसा करतात मले माहीत नाही, आणि तार ओढली तर ते..." त्यांनी वाक्य तसंच सोडलं.

मी घमापुरात गेलो. पडदा काळा होता; बटण दाबल्यावर उजळला. डिस्क शेजारीच होती. तिला गवसणी होती, जांभळी. आमच्याकडची त्यांनी कधीतरी मागून नेली होती. मला येतं तेवढं मी केलं. आधी रीतसर डिस्क उठवायची म्हणून अनमाउंटची आज्ञा दिली. यंत्रानं नकार दिला. जागा रिकामी नाही. कोण बसलं आहे, हे मी विचारलं. यंत्रानं साडूंचं नाव सांगितलं. शेवटच्या रविवारी तपासणीसाठी उघडलेली त्यांची एक खिडकी मागे तशीच होती, गाण्यांच्या फोल्डरमध्ये.

ताई मागे उभ्या होत्या. "काय म्हणते?"

"बसले आहेत अजून," मी म्हटलं.

ताई पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांना त्यातलं किती वाचता आलं मला माहीत नाही. "कुठे?"

"शालूच्या गाण्यांपाशी."

"अच्छा," ताई म्हणाल्या. मग पदरानं टेबलाची कड पुसली. "बसू द्या मग. कोणाचं काय जाते."

मी पडदा तेवढा बंद केला. खुर्ची होती त्या जागी सरकवली, कपबशी मोरीत नेऊन ठेवली, चष्मा आणि किल्ली चाचपली. 'येतो ताई' म्हणून दारात आलो. ताईंनी गुडघ्याचं विचारलेलं नसतानाही सांगायला सुरुवात केली, आणि मीही पहिल्या पायरीवर उभा राहून ऐकत राहिलो. आतून पंख्याची घरघर ऐकू येत होती. गल्लीत कुणाची तरी स्कूटर शिरली, तेव्हा मी वाट द्यायला ओट्यावर चढलो, आणि तिथेच थोडा वेळ उभा राहिलो.